पुढे रोही आहेत, हळू चला

दिवस पहिला : नागपूर – मनसर – देवलापार – रामटेक

डिसेंबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला होता. या दिवसांत धान कापून झालेलं असतं, पण तूर डोक्याइतकी उभी असते, हरभरा नुकता वर आलेला असतो आणि कपाशीची वेचणी चालू असते. म्हणजे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रभर शेतात, दिवसभर जंगलात. मधे जो डांबरी पट्टा लागतो, त्यावरून आम्हाला दोन मोटरसायकली न्यायच्या होत्या. पेंच, नागझिरा, नवेगाव, ताडोबा, टिपेश्वर आणि शेवटी मेळघाट. सफारी एकही नाही, फक्त सर्वांसाठी खुले असलेले रस्ते. शहाण्या माणसाने हे दिवस टाळावेत असं कोणीही म्हणेल. पण आम्हाला हाच धोका बघायचा होता, आणि थंडीत इंजिन आणि माणूस दोघंही ताळ्यावर राहतात.

नियम एकच ठरवला. उन्हं वर आल्याशिवाय चाक हलवायचं नाही आणि साडेपाचच्या आत मुक्कामाला टेकायचं. डिसेंबरात इकडे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. हा नियम किती दिवस टिकला ते पुढे येईलच.

मनसर सोडलं की राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलात शिरतो. पूर्वी हाच रस्ता 7 नंबरचा होता. चौपदरी करायचं ठरलं तेव्हा त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले, आणि त्यातून जे निघालं ते आज चाकाखाली आहे. जंगलाच्या पट्ट्यात रस्ता जागोजागी खांबांवर उचललेला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत असे लहानमोठे नऊ पूल आहेत, त्यातला सगळ्यांत लांब 750 मीटरचा. माणसं वरून जातात, जनावरं खालून. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये खाली कॅमेरे लावून पाहिलं, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी या वाटेने जाताना सापडले. त्यांत 11 वेगवेगळे वाघ होते, आणि त्यांच्या मिळून 89 फेऱ्या नोंदल्या गेल्या.

वरून जाताना यातलं काहीच कळत नाही. कडेला उंच भिंत आहे, आवाज आणि दिव्यांचा झोत खाली जाऊ नये म्हणून. दोन्ही बाजूंना साग दिसत राहतो आणि गाडी ऐंशीने पळत राहते. मित्र म्हणाला, कंटाळवाणा रस्ता आहे. माझ्या मते रस्त्याची याहून मोठी तारीफ नाही. जंगलातला रस्ता दुचाकीवाल्याला कंटाळवाणा वाटावा, यासाठी कोणीतरी बरीच अक्कल आणि बराच पैसा खर्च केलेला असतो.

देवलापारच्या पुढे थोडं जाऊन परत फिरलो. रामटेकला मुक्काम.

दिवस दुसरा : रामटेक – तुमसर – गोंदिया – मुरदोली – नवेगावबांध

तुमसर, तिरोडा या बाजूला पहिला अडथळा आला तो जंगली नव्हता. रस्त्याचा अर्धा भाग धान वाळत घालायला घेतलेला होता. धान्याची कड राखायला डोक्याएवढे दगड ओळीने मांडलेले. संध्याकाळी धान भरून नेतात, दगड तिथेच राहतात. दुचाकीचं पुढचं चाक त्यावर चढलं की पुढचं सांगायला नको. सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं आणि साळुंक्यांचे थवे उतरतात, ते अगदी चाकाशी आल्यावर उडतात. पक्षी हेल्मेटच्या काचेवर आदळला की क्षणभर डोळे मिटतातच, कितीही ठरवलं तरी. अशा पट्ट्यात काच पूर्ण खाली आणि वेग चाळीस, एवढं केलं की पुरतं.

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याकडे निघालं की मुरदोलीचं जंगल लागतं. नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांमधली जनावरांची ये-जा याच भागातून होते. ऑगस्ट 2023 मध्ये इथेच रात्री एका चारचाकीने वाघाला उडवलं. कंबरेतून मोडलेला तो वाघ रस्त्यावरून स्वतःला ओढत नेत असल्याचा व्हिडिओ तेव्हा बऱ्याच जणांच्या फोनवर फिरला होता. उपचारांसाठी नेतानाच तो दगावला.

या पट्ट्यात रस्त्याच्या मधोमध एक उदमांजर मरून पडलेलं दिसलं. अंगावर ओरखडा नाही, फक्त तोंडाशी रक्त. दोन कावळे शेपटीकडून काम सुरू करत होते आणि कडेच्या झुडपात आणखी काहीतरी दबा धरून होतं, बहुधा मुंगूस. एक मेलेलं जनावर रस्त्यावर राहिलं की ते खायला दुसरं येतं, आणि ते खाण्यात गुंग असताना पुढची गाडी येते. म्हणून ते बाजूला व्हायला हवं, पण वन्यप्राण्याचं कलेवर आपण उचलायचं नसतं. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं. आम्ही फोन काढतोय तोवर समोरून एक वनरक्षक मोटरसायकलवरूनच आले. त्यांनी फोटो काढला, वहीत जागा लिहिली आणि काठीने ते कडेला घेतलं.

“वाघाचं सगळ्यांना माहीत आहे जी,” ते म्हणाले. “हे रोजचं. याचं कोणी विचारत नाही.”

मी विचारलं, दुचाकीवाल्यांना सगळ्यांत जास्त त्रास कशाचा? बिबट्या किंवा अस्वल असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा होती. त्यांनी थेट “डुक्कर” म्हटलं. मग थोडं थांबून, “आणि गावातले कुत्रे.”

कोहमाऱ्याला 53 नंबरचा महामार्ग ओलांडला आणि उजेड असतानाच नवेगावबांध गाठलं.

दिवस तिसरा : नवेगावबांध – वडसा – ब्रह्मपुरी – नागभीड – सिंदेवाही – मूल

सकाळी धुकं होतं, म्हणून आठ वाजून गेल्यावर निघालो. अर्जुनी मोरगाव, वडसा, तिथे वैनगंगेचा लांब पूल, आणि पलीकडे ब्रह्मपुरी. या भागात व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेर, म्हणजे साध्या वनविभागाच्या जंगलात आणि शेतांच्या कडेने वाघ मोठ्या संख्येने राहतात. इथे जंगल कुठे संपलं आणि शेत कुठे सुरू झालं हे गाडीवरून सांगता येत नाही. जनावरांनाही ते सांगता येत नसावं.

सिंदेवाही मागे पडल्यावर काही वेळाने माझं मागचं चाक लडबडायला लागलं. खिळा. माझ्या गाडीला तारांची चाकं आणि आत ट्यूब, त्यामुळे प्लग ठोकून पुढे, असा प्रकार नाही. चाक काढा, टायर लिव्हरने टायर उचलून ट्यूब ओढा, घासा, सोल्यूशन लावा, वाळू द्या, पॅच ठोका, पुन्हा सगळं उलट क्रमाने. साडेचार वाजले होते. दोन्ही बाजूंना मिश्र जंगल. काम मी करत होतो आणि मित्र माझ्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभा होता. हे आम्ही काही ठरवून केलं नव्हतं. वाकून बसलेल्या माणसाच्या मागे कोणीतरी उभं असावं, हे इकडच्या गुराख्यांना जसं आपोआप कळतं तसं आम्हालाही त्या वेळी कळलं. एक ट्रक थांबला, चालकाने विचारपूस केली आणि “लवकर उरका” एवढं बोलून गेला. पंपाने हवा भरून होईस्तोवर झाडांचे शेंडेसुद्धा काळे झाले.

तर अशा रीतीने तिसऱ्याच दिवशी नियम मोडला. मूलपर्यंतचा तुकडा अंधारात.

इथे जरा आकडेमोड करतो, कारण हाच सगळ्याचा गाभा आहे. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. समोर काहीतरी दिसल्यापासून बोट ब्रेकवर दाबलं जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर नीट ब्रेक लावला तरी गाडी आणखी वीसेक मीटर घेते. झाले 37. ताशी 80 ला हाच हिशेब साठच्या जवळ जातो. आणि मोटरसायकलचा खालचा झोत अंगावर प्रकाश न परावर्तित करणारी काळी वस्तू दाखवतो ती फार तर चाळीस-पन्नास मीटरवर. म्हणजे साठला गाडी जेमतेम आपल्याच दिव्याच्या आत थांबते, ऐंशीला ती दिव्याच्या बाहेर धावत असते. चाळीसला मात्र वीस मीटरांत काम होतं. ही सगळी गणितं जनावर समोर उभं आहे असं धरून. ते बाजूने पळत येत असेल तर याहून वाईट.

म्हणून पस्तीस-चाळीस. मित्राच्या गाडीला पुढे दोन जादा एलईडी दिवे आहेत, तेव्हा तो पुढे, मी थोडं अंतर ठेवून मागे. दिव्यांचा झोत लांब जायचा, दोनशे मीटरवरचा मैलाचा दगड चमकायचा. त्यात अधूनमधून लाल ठिणग्या दिसायच्या, अगदी रस्त्याच्या पातळीला. हे रातवे पक्षी. तापलेल्या डांबरावर पोट टेकून बसतात आणि चाक आलं की उडतात. चितळांचे डोळे कडेच्या गवतात हिरवट-पिवळे, दोन-दोनच्या जोड्यांत. ते एकदा दिसले की मन निर्धास्त होतं. आपल्याला सगळं दिसतंय असं वाटायला लागतं.

आणि तेवढ्यात डावीकडून काळं ढेकूळ धावत आलं. मित्राच्या पुढच्या चाकापासून हात-दीड हातावरून. त्यामागे दुसरं, मग पिलांची रांग. चमक कुठेच नाही. हरणं, मांजरवर्ग, कोल्हे यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्याने डोळे चमकतात. डुकराच्या डोळ्यात तो थरच नाही. माकडांच्याही नाही. रात्री चमकणारे डोळे शोधत गाडी चालवणाऱ्याला डुक्कर दिसतं ते थेट अंगावर आल्यावर. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास, पाय आखूड, वजन सगळं खाली. गाडी त्याला धडकून थांबत नाही, त्याच्यावरून चढून पडते.

मित्राने दोन गोष्टी बरोबर केल्या. हॅन्डल वळवलं नाही, आणि ब्रेक दोन्ही दाबले. त्याच्या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. माझी गाडी त्याआधीची, तिला मी घाबरून ब्रेक दाबला असता तर पुढचं चाक लॉक होऊन मी रस्त्यावर आडवा झालो असतो. जनावर चुकवायला वळवणं तर दुचाकीवर सगळ्यांत वाईट. तेही त्याच बाजूला वळतं, आणि कडेची गिट्टी तर असतेच.

मूलला पोचलो तेव्हा मित्राने पहिली गोष्ट काय केली असेल तर दिवे तपासले. “रस्ता फुटबॉलच्या मैदानासारखा दिसत होता,” तो पुन:पुन्हा म्हणत होता, “मग आलं कुठून?” आलं बाजूने. त्याचे दिवे सगळे समोर बघत होते.

दिवस चौथा : मूल – चंद्रपूर – वणी – मारेगाव – करंजी – पांढरकवडा – यवतमाळ

मूल ते चंद्रपूर रस्ता जंगलातून जातो, पण सकाळी नऊच्या उजेडात, वर्दळीत, काही विशेष घडलं नाही. चिचपल्लीच्या बाजूला गोंदिया–चांदा फोर्ट रेल्वेमार्ग जवळून जातो. जुनोन्याच्या जंगलात याच मार्गावर नोव्हेंबर 2018 मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले होते. रेल्वेला तर वळताही येत नाही आणि पटकन थांबताही येत नाही. लाल माकडं आणि लंगूर रस्त्याच्या कठड्यावर ओळीने बसले होते, कारण लोक गाड्या थांबवून त्यांना खायला टाकतात. पुण्य मिळतं म्हणे. पुढच्या गाडीखाली जे पिलू येतं त्याचं पाप कोणाच्या खात्यात जातं कोण जाणे.

वणी सोडल्यावर मात्र या प्रवासातला माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा रस्ता लागला, आणि तिथे जंगल नावालाही नव्हतं. कपाशी, तूर, हरभरा, पुन्हा तूर. रस्ता सरळ, रुंद, नवा. जंगलात शिरताना फलक असतात, गतिरोधक असतात, मनात वाघ असतो, म्हणून हात आपोआप सैल पडतो. इथे तसलं काहीच नाही. सगळे सुसाट.

मारेगावच्या पुढे, चार वाजायच्या सुमाराला, तुरीच्या शेतातून एक रोही निघाला. निळसर राखाडी नर, खांदा माझ्या हेल्मेटच्या जवळपास उंचीचा. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे भरतो. वजन लांब पायांवर उंच तोललेलं, त्यामुळे दुचाकी पायांना धडकते आणि धड अंगावर येतं. डुकराच्या अगदी उलट तऱ्हा. तो लगेच आडवा गेला नाही. रस्त्याला समांतर, माझ्या डाव्या हाताला, माझ्याच वेगाने पळू लागला. ही त्यांची खोड आहे. समांतर पळतात, पुढे निघतात आणि मग एकदम काटकोनात वळतात. मी थ्रॉटल सोडलं, मागच्यांना हात दाखवला आणि गाडी कडेला उभी केली. तो वीस-पंचवीस मीटर पुढे जाऊन आडवा उडाला आणि पलीकडच्या कपाशीत घुसला.

मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला, तेवढ्यात शेतातल्या माळ्यावरून, म्हणजे राखणीच्या मचाणावरून, ओरडा आला.

“थांबा नं भाऊ! मांगचे यायचे हायेत!”

खरंच, तूर हलत होती. एक मादी, मग दुसरी, मग अर्धवट वाढलेली दोन पिल्लं. शेवटचं पिल्लू रस्त्याच्या मध्यावर येऊन थबकलं, आमच्याकडे बघितलं, परत फिरल्यासारखं केलं आणि मग एकदाचं पार झालं. आमच्या मागे थांबलेला ट्रक तोवर तीन वेळा हॉर्न वाजवून मोकळा झाला होता. हॉर्नने पिल्लू परत फिरतं, पुढे जात नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

माळ्यावरचे बाबा खाली उतरले. रात्रीच्या जागलीची तयारी करायला ते लवकर आले होते. बॅटरी, पत्र्याचा डबा, काठी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झटका मशीनची तार लावलेली, शिवली की विजेचा झटका देणारी. “तीन बाजूनं तार हाये,” ते म्हणाले. “रोडच्या बाजूनं नाई. रोडवर लावता येत नाई.” म्हणजे शेतात शिरलेल्या कळपाला बाहेर पडायला उघडी बाजू एकच, रस्त्याची. त्यांनी पिटाळलं की ते आपसूक डांबरावर. हे ऐकल्यावर त्या रस्त्याकडे बघायची माझी नजर बदलली. जिथे तीन बाजूंनी तार आणि चौथीला रस्ता, तिथे फलक नसला तरी तो आहे असं समजायचं.

“किती वाजता जास्ती निघतात?” मी विचारलं.

“दिवस बुडायच्या टायमाले निंगते, पहाटे वापस जाते. ड्युटीच हाये त्यायची.”

करंजीला पुन्हा 44 नंबरचा महामार्ग भेटला, मग पांढरकवडा. जवळच टिपेश्वर. रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ 2019 मध्ये इथूनच निघून शेतं, नाले, महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. तेराशे किलोमीटरहून जास्त चाल. वाटेत किती हेडलाइट त्याने टाळले असतील, याचा विचार यवतमाळ येईपर्यंत डोक्यात होता.

दिवस पाचवा : यवतमाळ – अमरावती – परतवाडा

लिहिण्यासारखं फार नाही. वाटेत समृद्धी महामार्ग आडवा गेला, तिथे दुचाकीला मज्जाव. परतवाड्यात चेन ताणली, तेल पाहिलं, हेडलाइटच्या काचेवरचे किडे खरवडले. किड्यांचा थर किती प्रकाश खातो ते काच पुसल्यावरच कळतं.

दिवस सहावा : परतवाडा – घटांग – सेमाडोह – हरिसाल – धारणी

मेळघाट. देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, 1973-74 सालचा. परतवाडा सोडलं की घाट चढायला लागतो, घटांगनंतर साग दाट होतो आणि वळणांची मोजदाद सोडून द्यावी लागते. वळणावर गाडी झुकलेली असताना टायरची पकड वळण्यातच खर्च होत असते, ब्रेकसाठी फार थोडी उरते. म्हणून आंधळ्या वळणापलीकडे गाय उभी आहे असं धरूनच आत शिरायचं. इथे तर खरोखरच गायी असतात. रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत.

सेमाडोहच्या अलीकडे, सिपना नदीच्या बाजूला उतरताना, एका वळणानंतर रस्ता काळा झालेला होता. गवा. एक रस्त्यात, दोन वर उतारावर बांबूत. रस्त्यातला नर इतका मोठा की त्याच्या पलीकडचा किलोमीटरचा दगड दिसत नव्हता. पायांत गुडघ्याखाली पांढरे मोजे, पाठीवर उंच कणा. असा नर हजार किलोच्या घरात जातो. आम्ही साठ-सत्तर पावलांवर थांबलो. इंजिन बंद केलं नाही, पण रेस द्यायचीही नाही, हॉर्नला हात नाही. त्याने आधी डोकं उचलून वास घेतला, नाकातून फुस्स केलं. मग हळूच आडवा झाला, अख्खी कूस आमच्याकडे करून. हे बघायला छान पोज दिल्यासारखं वाटतं, पण तो आपला आकार दाखवत असतो. पुढे येऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

मागून एक मोटरसायकल आली, मागे बसलेली बाई, मधे लहान पोर. गावचाच माणूस असावा. त्याने आमच्या बाजूला गाडी लावली, पाय खाली टेकला आणि शांतपणे थांबला. घड्याळ बघितलं नाही, काही नाही. दहा-बारा मिनिटांनी गवा खालच्या उताराला उतरला. आम्ही निघायला लागलो, तसा त्या माणसाने नुसता तळहात दाखवला. वरचे दोन अजून यायचे होते. ते उतरले, मगच तो निघाला, आणि त्याच्या मागे आम्ही.

हरिसालच्या पुढे रस्ता मोकळा होत गेला. धारणीत दुपारी मित्राने पाना मागून घेतला आणि जादा दिव्यांचे दोन्ही बोल्ट सैल केले. डावा दिवा डाव्या कडेकडे, उजवा उजव्या कडेकडे, आणि दोन्ही थोडे खाली. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून पुन्हा एकदा खाली. मी म्हटलं, आता लांबचं दिसणार नाही. तो म्हणाला, लांबचं बघून डुक्कर दिसलं नाही, आणि लांबचं दिसत नसलं की मी ऐंशीने जाणारही नाही. जादा दिवे लावले की वेग तेवढाच वाढतो, ही माझी जुनी कुरकुर. वाकवलेल्या दिव्यांवर ती लागू होत नाही, हे मला मान्य करावं लागलं. बोल्ट घट्ट करून झाल्यावर साडेतीन वाजले होते. बऱ्हाणपूरपर्यंतचा रस्ता उजेडात होण्यासारखा नव्हता, म्हणून धारणीतच खोली बघितली.